पानमळ्यातली वाट

शाळेच्या हजेरीपटात माझ्या नावापुढे दर महिन्याला तीन-चार दिवस 'ताप' असे. पावसाळ्यात तर नेमाने. आमच्या वर्गशिक्षिका बाई काही विचारत नसत. मी परत आले की माझ्याकडे न बघता 'ताप' लिहून मोकळ्या होत. नववीतल्या निम्म्या मुलींना असा ठरलेला ताप यायचा आणि शाळेत एकाही माणसाला त्याची काळजी वाटत नव्हती. आज आठवलं तरी डोकं फिरतं.

आमचं घर गिरीज गावातल्या एका वाडीत, अगदी आत होतं. घरापासून रस्त्याला लागायची वाट मोठ्या काकांच्या पानमळ्यातून जायची. विड्याच्या पानांचा मळा म्हणजे आमच्याकडे देवघरच. चपला झावळ्यांच्या कुंपणाबाहेर काढायच्या, आणि 'बाहेरची' असलेल्या बाईने आत पाऊल टाकायचं नाही, नाहीतर वेल कुजतो. दुसरी वाट बावखलाच्या काठाने होती. बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं तळं. पावसाळ्यात ते भरून वाहिलं की त्या वाटेवर गुडघ्याच्या वर गढूळ पाणी. शाळेचा गणवेश घालून तिथून जायची सोयच नव्हती, म्हणून मग ताप. मला हायस्कुलात घालतानाच काकांनी वडिलांना बजावलं होतं, पोरीच्या शाळेपायी मळा बाटला तर त्या दिवसापासून शाळा बंद. काकांच्या शब्दाबाहेर वडील कधी गेले नाहीत. आणि शाळा बंद म्हणजे काय, ते मला काकांच्याच मुलीकडे बघून ठाऊक होतं. माझ्याहून एका वर्षाने मोठी, सातवीपासून घरी, दिवसभर शेण आणि चूल.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. जुलैत सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई शाळेत आल्या. मुलग्यांना मैदानावर पिटाळलं, खिडक्या लावून घेतल्या. नर्सबाईंनी भिंतीवर तक्ता टांगला आणि स्वच्छ सांगितलं, यात विटाळ-बिटाळ काही नाही, शरीराचं काम आहे. कपडा साबणाने धुवा, उन्हात वाळवा, पालेभाजी खा, शाळा बुडवू नका. आम्ही माना खाली घालून बाकावरची अक्षरं कोरत होतो. काही शंका असेल तर विचारा, असं त्या दोनदा म्हणाल्या. एकीनेही तोंड उघडलं नाही. मीही नाही. पण मला तेव्हा जे वाटलं ते कसं सांगू? कुणीतरी माझ्या वाटेतला धोंडा उचलून बाजूला ठेवला होता.

ऑगस्टमध्ये तालुक्यातल्या शाळांची वक्तृत्व स्पर्धा होती. विषय, 'विद्यार्थी आणि आरोग्य'. शाळेतर्फे मला निवडलं. मी नर्सबाईंचं सगळं भाषणात घातलं, पानमळ्यासकट. बाईंनी वही घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी परत दिली. ते पूर्ण पान लाल पेन्सिलीने खोडलेलं होतं. त्या जागी नखं कापण्याचं महत्त्व आलं होतं. बाई म्हणाल्या, परीक्षक पुरुष असतात, चारचौघांत असलं बोलत नाहीत. नर्सबाई बोलत होत्या तेव्हा याच बाई दाराशी उभ्या राहून मान डोलवत होत्या. मला इतका राग आला, पण मी 'हो बाई' म्हटलं आणि नखं पाठ केली.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे, चार दिवस आधीच, मला पाळी आली. आईला सांगितलं असतं तर कोपऱ्यात बसवलं असतं. मी बोलले नाही. आईच्या गाठोड्यातला कपडा घेतला, चपला हातात घेतल्या आणि पानमळ्यातून सरळ चालत गेले. भाषण झालं, टाळ्या पडल्या, दुसरं बक्षीस मिळालं, स्टीलचा पेला. संध्याकाळी त्याच वाटेने परत आले आणि आईला सांगितलं, आत्ताच बसायची वेळ आली. तिने माझ्या परकराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पाणी तापत ठेवलं.

पंधरा दिवसांत वेलांची पानं काळी पडून गळू लागली. आठवडाभर झड लागलेली, पाट तुंबलेला, मुळाशी पाणी साचलेलं. पण काका ओटीवर उभे राहिले आणि घरातल्या सगळ्या बायकांना बोलावून विचारलं, मळ्यात कोण गेलं होतं? मला सगळं पाठ होतं. विटाळ नाही, शरीराचं काम आहे. पेलाही घरात फळीवर होता. मी आईच्या आड सरकले.

"मी गेले होते, भाऊजी," आई म्हणाली. "ध्यानात नाही राहिलं."

काकांनी तिला देवदिवाळीपर्यंत मळा बंद केला. वेल बांधायला आईसारखा हात वाडीत दुसरा नव्हता. आता ती रोज भाजीची टोपली डोक्यावर घेऊन, लुगडं वर खोचून बावखलाच्या पाण्यातून रस्त्याला जायची. त्याच वेळी मी कोरड्या पायांनी मळ्यातून शाळेत. तिच्या पायांना चिखल्या झाल्या, बोटांच्या बेचक्यांतून रक्त यायचं. आरोग्याचं बक्षीस मला मिळालं होतं. रोज ठरवायची, आज काकांना खरं सांगायचं. रोज दप्तर उचलायची आणि निघायची.

दिवाळीच्या आधी एका दुपारी ती पायांना खोबरेल लावत बसली होती. मी जवळ जाऊन नर्सबाईंचं सगळं तिला भडाभडा सांगितलं. वेल माझ्यामुळे कुजले नाहीत, आपल्या कुणामुळेच कुजत नाहीत, असं म्हणताना मला रडू फुटलं. आईचं माहेर खाडीकडच्या भातशेतीच्या गावचं, तिची बोली शेवटपर्यंत तिथलीच राहिली.

"मुळाशी पानी साचलं की वेल कुजतो," ती म्हणाली. "वीस वर्षं बांधते मी ते वेल. मला काय ते नर्सबाईनी सांगायचं?"

मग तू काकांना हे का नाही सांगितलंस, असं मी जवळजवळ ओरडूनच विचारलं.

"सांगितलं असतं तर माजं कोन ऐकनार होतं? आनि तुजी शाला गेली असती ती वेगलीच."

तिने तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली. मी तिचे पाय मांडीवर घेतले. कातडी इतकी सोलली होती की हात लावायला भीती वाटत होती.

पुढल्या पावसाळ्यातही मी महिन्याचे ते दिवस घरी बसले, आणि बाईंनी माझ्या नावापुढे 'ताप' लिहिलं.