दिवस मावळायच्या आत बोर्डी

दिवाळीच्या सुट्टीत चोपड्याहून मोटारसायकलवर समुद्राकडे निघायचं ठरलं, तेव्हा आमच्या गल्लीत प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला : "गाडी कोण चालवणार?" मी चालवणार, असं सांगितलं की लोक हसायचे आणि मिलिंद सरांकडे बघायचे. सर म्हणजे माझे यजमान. शाळेत भूगोल शिकवतात. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही म्हणते.

सर का चालवणार नाहीत, ते आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांची नजर कमी होत चालली होती. डोळ्यांचा पडदा कडेकडेने निकामी होत जातो, असा आजार. समोरचं दिसतं, पण नळीतून पाहावं तेवढंच. आणि दिवस मावळला की तेही नाही. जळगावच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वी हे सांगितलं. तेव्हापासून सरांनी गाडी सोडली, संध्याकाळचं फिरणं सोडलं. शाळेत कळू नये म्हणून ते पाचच्या ठोक्याला घरी येऊन बसायचे. बोलणंही कमी झालं होतं. एक दिवस जेवताना म्हणाले, "पंचवीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतलं, कोकण किनारा उत्तरेला दमणगंगेपासून सुरू होतो. मी स्वतः समुद्र पाहिलेलाच नाही, सुजाता."

मी आरोग्य सेविका आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर लसीकरणाला गाडीवरच जाते. नाल्यातून, दगडांतून गाडी काढायची सवय आहे; हायवे आणि घाट मात्र कधी चालवले नव्हते. तरी मीच म्हणाले, "मी नेते तुम्हाला."

"आंधळ्याला देखावे दाखवणार?" असं म्हणून सर दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले, तर फरशीवर नकाशा पसरलेला आणि सर भिंग घेऊन त्यावर ओणवे. मग आठ दिवस घरात दुसरं काही नव्हतं. धुळ्याहून नवापूरमार्गे गेलो असतो तर लवकर पोचलो असतो, पण सरांना ते नको होतं. "आधी डोंगर, मग समुद्र. पाणी कुठून कुठे जातं ते कळलं पाहिजे," ते म्हणाले. मुक्काम ठरले : पिंपळनेर, सापुतारा, बोर्डी. नियम एकच, पाचच्या आत गाडी उभी करायची.

निघालो तेव्हा थंडी होती. केळीच्या बागा संपल्या आणि वेचणीला आलेला कापूस दोन्ही बाजूंना पांढरा दिसू लागला. अमळनेर, मग धुळे. मागच्या सीटवरून सर मला पुढचं सांगत होते, "आता पांझरा लागेल... आता रस्ता चढेल." त्यांना रस्ता दिसत नव्हता, पाठ होता. कुसुंब्याजवळच्या ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. ती इतकी तिखट होती की सरांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, आणि कित्येक महिन्यांनी मी त्यांना दुसऱ्यांदा रस्सा मागताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शेलबारीचा घाट आला आणि माझी परीक्षा झाली. एका वळणावर समोरून उसाचा ट्रक आला. मी घाबरून ब्रेक दाबला, गाडी बंद पडली आणि आम्ही दोघं सावकाश, अगदी बसल्यासारखे, डाव्या अंगावर आडवे झालो. लागलं नाही. आरसा फुटला आणि क्लचचा दांडा वाकला.

वरच्या शेतात नाचणी कापणारं एक जोडपं धावत खाली आलं. दादा आमच्याच गाडीची पक्कड घेऊन दांडा सरळ करायला लागले. बाईने मला दगडावर बसवलं. "आठे बठ्ठाच पडतस वो बहीन," ती म्हणाली. (इथे सगळेच पडतात गं बहिणी.) तिने सरांपुढे पाण्याचा तांब्या धरला. सरांचा हात तांब्याच्या शेजारून गेला, पुन्हा गेला.

"भाऊले दिसत नही का?" तिने सरळ विचारलं.

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होते. एवढ्यात सर म्हणाले, "कमी दिसतं, अक्का. पुढे अजून कमी होणार आहे."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"मंग हात धरी ल्या ना भाऊ. लाज कसानी?" (मग हात धरा ना. लाज कसली?) एवढं बोलून तिने त्यांचा हात धरला, तांब्यावर ठेवला, आणि कांदा-भाकरी आणायला वर गेली.

मी सरांना म्हणाले, "परत फिरू या. माझ्याच्याने नाही होणार."

"परत फिरलीस तर हाच घाट उतरावा लागेल, ते जास्त अवघड आहे," सर म्हणाले. "वर जाताना दुसऱ्या गिअरवर राहा. ट्रक दिसला तर हॉर्न दे, थांबू नकोस. मी वीस वर्षं चालवलीय गाडी."

भाकरी खाऊन आम्ही निघालो. प्रत्येक वळणाआधी ते माझ्या खांद्यावर हलकेच थाप मारत होते. माथ्यावर पोचल्यावर मी गाडी थांबवली आणि रडले. सर म्हणाले, "आता कुठला डोंगर दिसतोय ते सांग." मी नाक पुसत त्याचा आकार सांगितला. त्यांनी मान हळूहळू फिरवत तो शोधून काढला आणि लगेच नाव सांगितलं. साल्हेर.

सापुताऱ्याला सकाळी धुकं एवढं होतं की तिथे आम्ही दोघंही सारखेच. धुकं निवळल्यावर वघईकडे उतरलो. साग, बांबू, ओल्या पाचोळ्याचा वास. घाटात मी एकदाही थांबले नाही. दुपारनंतर चिकूच्या बागा सुरू झाल्या आणि साडेचारला आम्ही बोर्डीच्या सुरूच्या झाडांखाली गाडी लावली.

समुद्र नव्हता.

नजर पोचेल तिथवर ओला चिखल आणि वाळू. फार लांब एक चकाकती रेघ. "कुठे आहे?" सर विचारत होते. मी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून त्या रेघेकडे वळवलं, पण त्यांना ती सापडेना. मग ते मटकन वाळूत बसले. "ओहोटी. जन्मभर भरती-ओहोटी शिकवली आणि वेळच बघितली नाही!"

उन्हं उतरत होती. सरांचा चेहरा पडला. जवळच एक मावशी वाळत घातलेले बोंबील गोळा करत होत्या. मी त्यांना विचारलं, पाणी कधी येईल?

"रात्री येईल. नाहीतर उद्या सकाळी दहाला या. पार या झाडांपर्यंत येतं," मावशी म्हणाल्या. "एवढ्या लांबून आलात, एक रात्र राहा की. समुद्र कुठे पळून जातोय?"

राहिलो. सकाळी नऊपासून सर पाण्याची वाट बघत उभे होते. पाणी आलं, पायांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत. त्यांनी डावीकडून सुरुवात केली आणि मान इंच इंच फिरवत उजवीकडे गेले. पुन्हा उलट आले. एवढा मोठा समुद्र त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी पाहिला.

"हा निळा नाही," शेवटी ते म्हणाले. "मातकट आहे! नकाशात आम्ही सगळीकडे निळा रंगवतो." आणि लहान मुलासारखे हसत सुटले. कपडे छातीपर्यंत भिजतील इतके शिंतोडे त्यांनी अंगावर घेतले.

जव्हार, नाशिक करत परतलो. शेवटच्या दिवशी धुळ्याच्या पुढे टायर पंक्चर झालं, त्यामुळे पाचचा नियम मोडला. चोपड्यात शिरलो तेव्हा दिवे लागले होते. चहासाठी बसस्टँडजवळ थांबलो, तर टपरीवरून हाक आली, "काय सर, कुठे दौरा?"

ते जाधव सर होते, शाळेतले सहकारी. एरवी बाजूने कुणी हाक मारली की सर त्या दिशेला नुसतं हसून पुढे जायचे. आज थांबले.

"कोण बोलतंय? अंधार पडला की मला दिसत नाही हो. नाव सांगा."

जाधव सर उठून जवळ आले. "कधीपासून?"

"वर्ष झालं."

"आणि एकटे घरात बसून राहिलात?" त्यांचा आवाज चिडका होता आणि डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी चहाचा ग्लास सरांच्या हातात नीट धरवला आणि बाकावर सरकून जागा केली.

शाळा उघडल्यावर सरांनी मुख्याध्यापकांना सांगितलं, वर्गातही सांगितलं. आता मुलं आधी नाव सांगतात आणि मग प्रश्न विचारतात. गल्लीत माझ्या घाटाचं कौतुक आठवडाभर पुरलं. कुणी पुन्हा हसलं नाही. डोळे काही सुधारलेले नाहीत, सुधारणारही नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

परवा पाड्यावरून यायला मला उशीर झाला. घराला कुलूप होतं. शेजारच्या नानी म्हणाल्या, "सर आनि जाधव मास्तर फिराले ग्यात." (फिरायला गेलेत.) मी पायरीवर बसून राहिले. बाहेर चांगलं अंधारून आलं होतं, किल्ली सरांच्या खिशात होती, आणि मला भूक लागली होती. फार बरं वाटत होतं.