दोन बिल्ल्यांचं उदाहरण

स्पर्धा परीक्षेने मला एक खोड लावली. काहीही लिहायला बसले की उदाहरण दिल्याशिवाय चैन पडत नाही. दिल्लीत, मुनिरकातल्या खोलीत मी आणि माझी परभणीची रूममेट, आम्ही चार वर्षं एकमेकींचे पेपर तपासले आणि समासात लाल पेनाने लिहिलं, "उदाहरण कुठाय? उदाहरण दे, मार्क वाढतात." मार्क काही वाढले नाहीत. शेवटचा प्रयत्नही फसला तेव्हा कुठल्या तोंडाने घरी जाऊ हे कळेना, म्हणून मी गुडगावात नोकरी धरली.

तेव्हाचं गुडगाव म्हणजे नुसतं उकरून ठेवलेलं गाव. एकीकडे काचेच्या इमारती, दुसरीकडे रस्त्याचाच पत्ता नाही. माझी नोकरी कपडे निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात होती. परदेशातली गिऱ्हाइकं आता नुसता शर्ट बघत नव्हती, शर्ट शिवणाऱ्यांना कसं वागवता हेही विचारायला लागली होती. म्हणून मालकांच्या मुलाने, ज्याला सगळे छोटे साहेब म्हणायचे, एका आंतरराष्ट्रीय उपक्रमावर सही करून टाकली. उपक्रम ऐच्छिक होता. कायदा नाही, दंड नाही. कामगारांचे हक्क जपू, पर्यावरण जपू, लाच देणार नाही असं वचन द्यायचं आणि वर्षाकाठी आपण काय काय केलं त्याचा अहवाल पाठवायचा. तो अहवाल उपक्रमवाले सगळ्या जगाला वाचायला ठेवत. तो लिहायला बरं इंग्रजी येणारं आणि कमी पगारात राबणारं माणूस हवं होतं. ते मी!

आज हसू येतं, पण तेव्हा मी भारावून गेले होते. सरकारी दार बंद झालं तर झालं, देशसेवा इथूनही करता येईल असं मला खरोखर वाटायचं. पण केबिनमध्ये बूड टिकेना. बसले की पाय हलायचे, पेन टकटक वाजायचं. दर अर्ध्या तासाने मी उठून खाली शिलाईच्या फ्लोअरवर चक्कर मारायची. फ्लोअर मॅनेजर वैतागायचा. "मॅडम, आप ऊपर बैठिए ना. यहाँ धूल है." धूळ कसली, त्याला माझीच ॲलर्जी होती.

अहवालात कामगारांची समिती दाखवायची होती म्हणून मी समिती बनवली. सात पुरुष आणि फिनिशिंगमधली एक बाई. शिवून झालेल्या कपड्यांचे धागे कापायचे, डाग काढायचे, घड्या घालायच्या, हे फिनिशिंगचं काम. ही बाई बिहारकडची, चाळिशीची, अकरा वर्षं ह्याच कामात मुरलेली. पहिल्या बैठकीत पुरुष पंख्यांवर आणि चहावर बोलले. ती गप्पच. बैठक संपल्यावर मात्र तिने मला जिन्यात गाठलं.

"दीदी, बिल्ले का कुछ कीजिए."

कसला बिल्ला? तर लाकडाचे दोन बिल्ले. चाळीस बायकांच्या लाइनला दोन. ज्या बाईच्या हातात बिल्ला तिनेच बाथरूमला जायचं. ती परत येईपर्यंत बाकीच्यांनी कळ काढायची.

"फिर आप लोग क्या करती हैं?"

"पानी नहीं पीते," ती म्हणाली. इतक्या साधेपणाने, की माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मे महिना होता. दिल्लीचा मे! बाहेर लू वाहत होती आणि ह्या बायका सकाळी आठपासून तोंडाला पाणी लावत नव्हत्या.

मी तडक छोट्या साहेबांकडे गेले. त्यांच्याबद्दल खोटं बोलणार नाही, त्यांना हे खरंच ठाऊक नव्हतं. चेहरा पडला त्यांचा. त्याच दिवशी बिल्ले बंद झाले. संध्याकाळी गेटपाशी त्या बाईने मला प्लॅस्टिकची रिकामी बाटली उलटी करून दाखवली आणि खळखळून हसली. मी महिपालपूरपर्यंत बसमध्ये उभी होते आणि आनंदाने मला ते कळलंही नाही.

मग मी अहवाल लिहायला घेतला. सगळी गुळगुळीत वाक्यं झाली. आम्ही कटिबद्ध आहोत, आम्ही प्रयत्नशील आहोत. वाचून माझंच मन म्हणालं, उदाहरण कुठाय? दिलं की उदाहरण! चौकटीत, वेगळ्या रंगात. 'फिनिशिंग विभागातल्या, समितीच्या एकमेव महिला सदस्याने निदर्शनास आणून दिलं की...' आणि पुढे बिल्ल्यांची सगळी हकीकत. नाव दिलं नाही. नाव दिलं नाही म्हणून मी स्वतःवर किती खूश होते! रूममेटला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "यार, एकदम टॉप! असं परीक्षेत का नाही लिहिलंस?"

एकमेव महिला सदस्य म्हटल्यावर नावाची गरज काय उरते, हे आम्हा दोन शहाण्यांपैकी एकीलाही सुचलं नाही.

परदेशात त्या चौकटीचं फार कौतुक झालं. उपक्रमवाल्यांनी ती आदर्श उदाहरण म्हणून आपल्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर लावली. ऑफिसात केक कापला. मग एका मोठ्या गिऱ्हाइकाने विचारलं की बिल्ले किती वर्षं चालू होते आणि कोणी चालू केले. त्याचं उत्तर द्यायला फ्लोअर मॅनेजरला वर बोलावलं. तो खाली उतरला तेव्हा लालबुंद झाला होता. त्याच आठवड्यात ती बाई तिच्या टेबलावर दिसेनाशी झाली.

"ब्रेक दिया है," फिनिशिंगला बायका पुरवणारा ठेकेदार म्हणाला. काढून टाकण्याला तिथे ब्रेक म्हणत. मी फ्लोअर मॅनेजरकडे धावले. तो म्हणाला, ठेकेदाराची बाई, मला काय विचारता? मी छोट्या साहेबांकडे धावले. ते हळहळले, अगदी मनापासून हळहळले, आणि म्हणाले की कागदोपत्री ती आपली कामगार नाहीच. मी म्हटलं, अहवालात तर आपली म्हणून मिरवली! मग आता घ्या ना कागदावर. तिला परत आणा, एवढंच मागतेय. त्यावर ते म्हणाले, "गुड पॉइंट. ठेका कामगारांचा मुद्दा आपण पुढच्या वर्षीच्या अहवालात उद्दिष्ट म्हणून टाकू."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी उपक्रमाच्या परदेशातल्या कार्यालयाला लांबलचक पत्र पाठवलं. उत्तर आलं, फार सभ्य होतं. उपक्रम ऐच्छिक असल्याने ते तक्रारींचा निवाडा करत नाहीत, कंपनीशी संवाद सुरू ठेवावा अशी त्यांची शिफारस होती. संवाद! त्या दिवसांत मी जेवताना उभी राहून जेवायची, बसमधून मधेच उतरून पुढच्या बसमध्ये चढायची. राजीनामा लिहिला आणि खिशातच ठेवला. भाडं कोण भरणार होतं? हे लिहितानाही माझीच मला चीड येतेय.

शेवटी एका रविवारी दुपारी समितीतल्या एकाकडून पत्ता घेऊन मी कापसहेड्याला गेले. दिल्लीच्या हद्दीवरचं गाव, एकाला एक चिकटलेल्या खोल्यांच्या रांगा. ती नळावर कपडे धूत होती. मला बघून दचकली, मग पदराला हात पुसत आत घेऊन गेली. मी रडायलाच लागले. माफी मागितली. तिनेच मला पाणी दिलं.

"काम मिल गया है, दीदी. रोइए मत."

जीव भांड्यात पडला. म्हटलं, वा, फिनिशिंगमध्येच? ती म्हणाली, नाही, हेल्पर. नवीन आलेल्या मुलींबरोबर, गठ्ठे उचलायला. गेटवर विचारलं की आधी कुठे काम केलं, तर तिने सांगितलं होतं, कुठेच नाही, गावाकडून आताच आलेय. जुन्या कारखान्याचं नाव घेतलं असतं तर त्यांनी तिथे फोन लावला असता.

"और ग्यारह साल?"

"वो तो अब बोल नहीं सकते ना," ती म्हणाली आणि स्टोव्हवर चहा ठेवला.

मी एकदम पेटले. म्हटलं, असं कसं, मी येते तुमच्या नव्या कारखान्यात, तिथल्या साहेबांशी बोलते, तुमचं काम किती सफाईचं आहे ते सांगते, नाव सांगा फक्त. ती चहा गाळत राहिली. चहा संपेपर्यंत मी नाव तीनदा विचारलं. तिने एकदा माझ्या घरच्यांची चौकशी केली, एकदा बिस्किट पुढे केलं, आणि तिसऱ्यांदा म्हणाली की बसची वेळ झाली. मला सोडायला ती स्टॉपपर्यंत आली, माझा हातही धरून चालली. तिथे दोन रस्ते फुटतात. सकाळी तुम्ही ह्याच रस्त्याने जाता का, असं मी सहज विचारलं, तर तिने माझा हात सोडला आणि म्हणाली, "बस आ गई, दीदी." बस अजून आली नव्हती.