कडुनिंबाखालचा वैमानिक

आजही डोक्यावरून एखादं लहान विमान घरघरत गेलं, की मला कडुनिंबाखालचा एक ओटा आठवतो आणि हातातलं काम तसंच राहतं. नोकरीत पोलिसाचं मन कोडगं होतं म्हणतात. माझंही झालं होतं. पण त्या ओट्यापाशी त्याचा काही उपयोग झाला नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता आणि आमचं ठाणं त्याहून नवं. मी फौजदार. भाड्याच्या गोदामात ठाणं, तीन खुर्च्या, एक जीप, तीही निम्मा वेळ कुठल्या ना कुठल्या बंदोबस्तात. त्यात दुष्काळ. टँकरवर हाणामारी आणि छावणीत कडब्याची चोरी, दुसरं काम नव्हतं. अशात नांदेडच्या हद्दीला लागून असलेल्या एका डोंगराळ गावाचा पोलीस पाटील धापा टाकत आला.

"साहेब, दोन मानसं गुप्तधन हुडकायलेत. यंत्र हाय त्यांच्यापाशी. आज तर पार समाधीपर्यंत आले!"

गुप्तधनवाल्यांची मला मनस्वी चीड. हवालदाराला घेऊन गेलो आणि दोघांना उचलून ठाण्यात आणलं. एक नांदेडचे निवृत्त मास्तर, दुसरा लातूरचा रेडिओ दुरुस्त करणारा. यंत्र त्यानेच यंदा घरी जोडलेलं. खाली धातू असला की ते किंचाळायचं.

"काय मास्तर, पेन्शन पुरत नाही का?" मी विचारलं.

"साहेब, आम्ही विमान शोधतोय."

हवालदार फिसकन हसला. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. हकिगत एकच निघाली, पण प्रत्येकाच्या आपल्या शब्दांत. खरं बोलणाऱ्यांचं असंच असतं. बहात्तरच्या दुष्काळात दोन आसनांचं एक लहान विमान हैदराबादहून नांदेडला येताना नाहीसं झालं होतं. आत वैमानिक एकटाच. नांदेडकडचे डोंगर पाहून झाले, काही मिळालं नाही, तपास थांबला. मग लोकांची तोंडं सुटली. विमान विकून परदेशी पळाला, तिकडे दुसरा संसार थाटला, असं त्याच्या बायकोच्या तोंडावर बोलायला लागले. कुंकू लावलं तर हसायचे, आणि पुसायचं तर कशाच्या आधारावर? मास्तर तिचे शेजारी. रेडिओवाल्याला विमानांचं वेड. दोघं दर उन्हाळ्यात पदरमोड करून डोंगर पालथे घालत.

"तिला दुसरं काही नको," मास्तर म्हणाले. "ते पळाले नव्हते, एवढं कुणीतरी सांगायला हवं."

दोघांना घेऊन मी पुन्हा त्या गावात गेलो. गाव बहुतेक लिंगायतांचं. त्यांच्यात माणूस गेला की बसवून पुरतात, त्यामुळे समाधीचं नवल नव्हतं. पण बाकीच्या समाध्या रुद्रभूमीत, म्हणजे त्यांच्या स्मशानात, आणि ही एकटीच गावाबाहेर निंबाखाली. कुणाची म्हणून विचारलं तर दुकानदार म्हणाला, "जुनी हाय साहेब, आज्याच्या काळची." पारावरचा म्हातारा तेच बोलला, पोलीस पाटीलही तेच, शब्दाला शब्द. पढवल्याशिवाय माणसं इतकं सारखं बोलत नाहीत. शिवाय ओट्याचे दगड सिमेंटात बसवलेले होते. आज्याच्या काळात त्या गावात सिमेंट कुठून येणार?

मी रेडिओवाल्याला यंत्र फिरवायला सांगितलं. ओट्यावर येताच ते किंचाळलं.

"समाधीत एवढं लोखंड कशाला, पाटील?"

पोलीस पाटलाने मागे घोळक्याकडे पाहिलं. घोळक्यातून त्याची म्हातारी आई पुढं आली.

"त्याला नका इचारू, साहेब. मला इचारा. मी व्हते तितं."

ती सांगू लागली. "भर दुपार व्हती. गावात आमी बायाच. गडी समदे दुष्काळी कामावर, लई लांब. बैलं छावनीत. इमान डोंगराला धडकलं. मानूस जित्ता व्हता, पर खुर्चीत अडकलेला, पाय चेचलेले. वढाया गेलं की वरडायचा. मग नटबोल्ट उपटून खुर्चीसकट उचलला, हितं सावलीला आनला. गाडी व्हती, जुपायला बैल कुठून आनू? घरात व्हतं तेवढं पानी पाजलं. दिस मावळायच्या आत गेला बगा."

"मग?"

"आमच्या जंगमसामीनं बगितलं. बसल्यालाच गेलाय, म्हनला, तसाच बसू द्या. हातात लिंग ठिवलं. आमच्या मानसावानी केलं समदं."

दवाखान्यात का नेलं नाही म्हणून पोलीस आपल्यालाच बडवतील, या भीतीने कामावरून परतलेल्या गड्यांनी विमानाचे तुकडे कोरड्या आडात लोटले, वर दगड टाकले आणि बोलायचं नाही म्हणून आण घेतली. यंत्र समाधीजवळ आलं तेव्हा पोलीस पाटील घाबरला आणि गुप्तधनाचं निमित्त करून आपल्या पायाने आमच्याकडे आला.

मास्तर ओट्याकडे बघत उभे होते. दर उन्हाळ्यात याच ओट्यावर बसून त्यांनी भाकरी खाल्ली होती. ते लहान मुलासारखे रडले.

तहसीलदार, डॉक्टर आणि पंचांसमोर समाधी उघडली. तो खुर्चीतच होता, पट्टा तसाच. अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला. माहिती दडवली म्हणून पोलीस पाटलाला नोटीस द्यावी लागली.

वैमानिकाची बायको नांदेडहून आली. सुती पातळ, कपाळावर कुंकू. मनगटावरचं घड्याळ तिने ओळखलं. मग म्हातारीजवळ जाऊन बसली.

"ते काही बोलले का हो?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं. "पानी पेला आन म्हनला, घरी कळवा. दोनदा म्हनला. आमी न्हाई कळवलं, बाई." आणि म्हातारीने बाईंचे पाय धरले.

बाईंनी तिला उठवलं. मग म्हणाल्या, "कळलं मला, आजी. आज कळलं."

त्यांनी पदराने कुंकू पुसलं. मी जीपकडे तोंड केलं, डोळे भरून आले होते. त्यांच्याच इच्छेने त्याला पुन्हा तिथेच बसवलं.

त्या गावाने दुष्काळात आपल्या घागरीतलं पाणी दिलं, परक्याला आपल्या रीतीने निरोप दिला. फक्त ठाण्याची पायरी चढायला गाव भ्यालं. ती भीती आमच्या खाकीची होती, आणि तिच्यापायी एका बाईने इतकी वर्षं लोकांचं बोलणं खाल्लं. पुढे नोकरीत जिथे जिथे बेवारस प्रेताची ओळख पटली, तिथे घरी सांगायला मी शिपाई पाठवला नाही. स्वतः गेलो. दार उघडणाऱ्याने माझ्यावर ओरडावं, कुणी गळपट्टी धरावी, मी उभा राहायचो. कुणीतरी कळवायला आलं होतं, एवढं तरी त्या घराला मिळावं.