ताईच्या बाटलीतलं मिठागर

आख्ख्या पनवेल तालुक्यात हिरवं पाणी बघून नाचणारी एकच बाई आहे, आणि ती नेमकी आमच्या समोरच्या दारात राहते! रोडपालीत आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. खारघरच्या कॉलेजात ती सायनोबॅक्टेरियाचे, म्हणजे पाणी हिरवं करणाऱ्या जिवाणूंचे, जीनोम वाचते. म्हणजे काही खाऱ्या पाण्यात जगतात, काही गोड्या, तर कुणाच्या जीन्समध्ये काय वेगळं आहे ते शोधते. मी एकदा नुसतं 'शेवाळ' म्हटलं, तर जिन्यात थांबवून अर्धा तास लेक्चर! चुकीचं बोललेलं तिला सहनच होत नाही. गच्चीवरची टाकी, मोरा बंदराचा धक्का, काही सोडत नाही. चुलतभावाच्या हळदीत डीजे दणदणतोय आणि ही विहिरीवर ओणवी, हातात ड्रॉपर! तिचे बाबा ओरडले, "पोरी, पावनं बगतान, नाचाला ये!" तर म्हणते, "आले बाबा, यांना झाकण लावते!"

पण तिचा खरा जीव एका बाटलीत. तिच्या बाबांच्या मिठागरावर मातीचा भराव पडायच्या आदल्या दिवशी तिने तिथलं हिरवं पाणी भरून आणलं होतं. लॅबमधली जोडीची बाटली मेली, त्यामुळे आता ही एकच, आणि जीनोम वाचायचा बाकी! आमच्या खिडकीत कोवळं ऊन येतं म्हणून ती आमच्या तुळशीशेजारी ठेवलेली. ताई चार दिवस परगावी गेली आणि माझ्या आईने काय करावं? "सुकलं होतं गं बिचारं," म्हणत तांब्याभर फिल्टरचं पाणी ओतलं!

सगळं पिवळं पडलं. आई रडायलाच लागली. ताई बाटलीसमोर बसून म्हणाली, "रडू नका काकू. मी तरी तुम्हाला कुठे सांगितलं होतं, यांना गोडं पाणी चालत नाही म्हणून?" पण स्वतः बाटली उजेडात धरून कुठे हिरवं उरलंय का शोधत राहिली.

तेवढ्यात ताईचे बाबा आले, हातात स्वतःच्या मिठागरातल्या शेवटच्या मिठाची बरणी. तांब्यात मीठ विरघळवलं, बोट बुडवून चाखलं. ताई खारेपणाचं मीटर आणायला पळाली, तर म्हणाले, "जिभेला कलतं. आज थोरा, उद्या थोरा. एकदम नाय." रोज सकाळी यायचे, चाखायचे, चमचाभर ओतायचे. आठव्या दिवशी काचेला हिरवी कड! ताईने आईला उचलून फिरवलं, खरंच!

मग जीनोम वाचून झाला. ताईने लॅपटॉपवर अक्षरांच्या रांगाच रांगा दाखवल्या. बाबांनी खूप वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, "यात आपला आगर लिवलाय काय गो?"

सगळ्यांना दुरुस्त करणारी ताई, मी लेक्चरची वाट बघत होते. ती म्हणाली, "हो बाबा. सगळा."