फोनवरची प्रार्थना

गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावच्या बाजारात परवा वाळलेल्या मोहफुलांचा वास आला आणि मी तिथून भराभरा निघाले. तो वास मला आजही कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात नेतो.

माझे यजमान तेव्हा गोंदियाच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. चर्च बंद होतं, म्हणून आमची मंडळी संध्याकाळी फोनवरच प्रार्थनेला जमायची. अंगणात मोहफुलं वाळत होती आणि मी फोन कानाला लावून त्यांच्याभोवती फेऱ्या मारत होते. बसवतच नव्हतं. प्रार्थना करता करता पास्टर मधेच अडखळले आणि "शब्द सुचत नाहीत" म्हणाले.

तेव्हा दरेकशाच्या रूथकाकू बोलल्या. त्यांचा मुलगा आठवड्यापूर्वीच गेला होता. "मले बी शब्द सुचून नाही राहिले. पण मी फोन ठेवत नाही. तुमी बी नोका ठेवू."

मग नुसते श्वास, खोकला, कुणाच्या घरचा पंखा. देवही गप्प, माणसंही गप्प, म्हणून मी चिडले. तेवढ्यात माझ्या फोनवर मधेच दुसरा फोन येऊ लागला.

"दवाखान्यातून फोन येऊन राहिला," मी कशीबशी म्हणाले.

"उचल बाई," काकू म्हणाल्या. "आमी अठीच आहो."

मी उचलला. हे गेले होते. मी परत लाइनवर आले, तर सगळे तिथंच होते. माझं रडणं ते ऐकत राहिले.

आजही मन थाऱ्यावर नसलं की मला प्रार्थनेचे शब्द सापडत नाहीत. मी नुसती बसून राहते, आणि देवही शेजारी बसला आहे असं धरून चालते.