बाबाचा स्कॅन अन् बिनसाखरेचा चहा

किती वेळा सांगायचं रे यांले? बाबाच्या हार्टच्या स्कॅनआधी चहा बंद, असं मी हैदराबादवरून रोज फोनवर आईले बजावून राहिलो होतो.

आज वरठीवरून गाडीनं दोघं नागपूरले गेले. नर्सनं विचारलं तं बाबा ऐटीत म्हणे, "काहीच नाही खाल्लं, फक्त चहा घेतला. बिनसाखरेचा!"

चहानं तपासणी बिघडते म्हणून स्कॅन रद्द. पुढची तारीख महिन्यानं.

मी आईवर ओरडलो. आई रडत म्हणे, "बाबू, शुगरवाल्याले साखरच मना असते ना? कोरड्या तोंडानं माणसाले घराबाहेर कसं काढू?"

महिनाभर बाबा टिकन का, सांगा कोणी. मले तं वाटत नाही. इथून फक्त पैसेच जाते. आज पुन्हा गाडीभाड्याले पाठवून राहिलो, आठशे रुपये.