रुखमाबाईंच्या नावाची लेस

राजूरच्या कोळसा खाणीत नागोराव ताकसांडे यांनी तीस वर्षं लोखंडी दोर जोडले. तुटलेल्या दोराच्या तारा उलगडायच्या, एकीत एक गुंफायच्या आणि सांधा असा बसवायचा की वरून बोट फिरवलं तरी कळू नये. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना ते स्कूटरवरून घसरले, पाय मोडला आणि दीड महिना दवाखान्यात पडून राहावं लागलं.

तिथे स्टेला सिस्टर होत्या, कन्याकुमारीकडच्या. दुपारी काम नसलं की त्या भुसा भरलेली घट्ट उशी मांडीवर घेत, तिच्यावर टाचण्या टोचत आणि दोरा गुंडाळलेल्या लाकडी कांड्या भराभरा इकडून तिकडे टाकत. उशीवर पांढरी जाळी उतरत जाई.

"सिस्टर, हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

"लेस. बघायचं. हात लावायचा नाही."

तिसऱ्या दिवशी नागोरावांनी हात लावला. सगळा खेळ दोनच हालचालींचा. कांडीवरून कांडी न्यायची आणि पीळ द्यायचा. म्हणजे दोराचंच काम, फक्त इथे हात काळे होत नव्हते आणि डोक्यावर ओरडायला कोणी नव्हतं.

पाय बरा झाला, नोकरी संपली, लेस मात्र राहिली. कांड्या त्यांनी सागाच्या तुकड्यांतून स्वतः तासल्या. दार लावून ते उशीपुढे बसत. कांड्यांची फाशांसारखी टकटक बाहेर ऐकू येई, म्हणून शेजारच्या मारोतरावांनी गल्लीभर सांगितलं की नागोराव जुगाराला लागला. नागोरावांनी ते खोडून काढलं नाही. जुगारी माणसाला गल्लीत थोडी तरी इज्जत होती.

घरात खरं ठाऊक होतं ते बायको रुखमाबाईंना आणि नात समीक्षाला. रुखमाबाईंना सुईदोऱ्याचा लहानपणापासून तिटकारा. ब्लाउजचा हूक तुटला तरी ब्लाउज नवऱ्यापुढे टाकून त्या मोकळ्या होत.

गेल्या वर्षी वणीत महिला हस्तकला प्रदर्शन भरलं. नागोरावांनी चार महिने खपून केलेली मोराच्या नक्षीची लेस समीक्षाने परस्पर नेऊन दिली. फॉर्म फक्त महिलांसाठी होता, म्हणून तिने आजीचं नाव लिहिलं. आठ दिवसांनी पहिलं बक्षीस जाहीर झालं.

मंचावर अध्यक्ष ममताताईंनी रुखमाबाईंना साडी दिली आणि माईक पुढे केला. "ताई, ही कला कशी शिकलात?"

रुखमाबाईंना खोटं बोलायचा सराव नव्हता. "मले काही येत नाही. हे सारं आमच्या ह्यायनं केलं."

टाळ्या पडल्या. ममताताईंनी माईक आपल्याकडे ओढला. "बघा मैत्रिणींनो! एवढं यश मिळूनही श्रेय पतीला!"

"अवो बाई, खरंच सांगून राह्यली मी."

टाळ्या आणखी वाढल्या.

मागच्या रांगेतल्या नागोरावांना राहवलं नाही. ते मंचावर चढले, लेसशेजारी मांडून ठेवलेली उशी ओढून घेतली आणि कांड्या टाकू लागले. बोटं अशी चालली की पुढची रांग उठून पाहू लागली. आता प्रश्न मिटला, असं त्यांना वाटलं. तोच ममताताई माईकवर म्हणाल्या, "आणि आपल्या पतीलाही त्यांनी ही कला शिकवली!"

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. साडी घेतलेल्या रुखमाबाई मधोमध, कडेला नागोरावांचं कोपर.

"डोये फुटले माह्ये चार महिने," नागोराव पेपर आपटून म्हणाले, "अन् नाव तुहं!"

रुखमाबाई भेंडी चिरत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "पंचवीस वर्सं वावर मी निंदलं, कापूस मी येचला. सातबाऱ्यावर कोनाचं नाव हाये? मी रुसली का कधी?"

नागोरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. सोमवारी ते तलाठ्याकडे गेले आणि सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवायचा अर्ज मागितला.

"काहून? घरात भांडण झालं का?" तलाठ्याने विचारलं.

"नाही," नागोराव म्हणाले. "पेपरात फोटो आला."

तलाठ्याला काही कळलं नाही, पण अर्ज त्याने दिला.

पंधरा दिवसांत आठ बायका रुखमाबाईंकडे लेस शिकायला आल्या. सगळ्यांच्या पुढे मारोतरावांची मैनाबाई. रुखमाबाईंनी त्यांना पडवीत बसवलं, नवऱ्याकडे बोट दाखवलं आणि स्वतः खुर्ची घेतली. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी नागोराव शिकवतात, बायका त्यांना भाऊ म्हणतात आणि रुखमाबाईंना मॅडम. खुर्चीतून मॅडम अधूनमधून सांगतात, "तुही लेस सैल पडली, मैना." आणि ती सैलच पडलेली असते.

परवा मैनाबाईने विचारलं, "मॅडम, तुम्ही सोता काहून बसत नाही उशीपुढे?"

नागोराव आशेने बायकोकडे पाहू लागले.

"मी सोडलं आता," रुखमाबाई शांतपणे म्हणाल्या. "ह्यायचा हात बसला ना."

नागोरावांनी खाली मान घातली आणि पुढची टाचणी टोचली.